जागची न हललेली गाडी

१

शनिवारी सकाळी साडेसातला बबनरावांनी गाडीच्या कव्हरची नाडी सोडली, कव्हर मागे ओढलं आणि ते हातात तसंच धरून उभे राहिले. गाडीची चारही चाकं बसली होती.

"शालन! ए शालन! भाईर ये आधी!"

आवाज सांगवीतल्या त्या गल्लीच्या दोन्ही टोकांना गेला. समोरच्या घरात मधुसूदन चहा गाळत होते. गाळणी तशीच ठेवून ते फाटकाशी आले. त्यांची बायको वासंती असती तर तीच आधी पोचली असती. तिला जाऊन आठ महिने झाले होते. तरी गल्लीत काही झालं की त्यांना वाटायचं, आता ती येऊन सगळं सांगेल.

गल्ली लहान. दोन्ही बाजूंना सहा-सहा घरं आणि मधला रस्ता असा की एका कडेला गाड्या लागल्या तर दुसरी जेमतेम निघावी. घरासमोरची जागा राखायला प्रत्येकानं काही ना काही मांडून ठेवलं होतं. कुणी रंगाच्या डब्यात सिमेंट ओतून त्यात पाइप रोवला होता, कुणी मोडकी खुर्ची ठेवली होती.

"परवा काय म्हनला हुता त्यो धनेश?" बबनराव चाकांकडे हात करून म्हणाले. "'बगतो गाडी कशी हलते ते.' समद्या गल्लीनं ऐकलं. केलं बगा त्यानं."

ते खरं होतं. गुरुवारी धनेशची मोटारसायकल बबनरावांच्या जागेत उभी होती. बबनरावांनी ती ओढून गटारापाशी नेली. त्यावरून दोघांची जुंपली आणि धनेश ते वाक्य बोलून गेला. मधुसूदनांनीही ऐकलं होतं.

शेजारचा निरंजन दात घासताघासताच बाहेर आला. तो हिंजवडीला एका कंपनीत मॅनेजर होता आणि त्याची मोठी गाडी रोज या गल्लीतून काढताना त्याला घाम फुटायचा. "काका, आमचा कॅमेरा आहे ना गेटवर. मी रात्रीचं रेकॉर्डिंग बघतो."

"बग. आन मधूभाऊ, तुमी साक्षीला या." बबनरावांचा चेहरा लाल झाला होता. "नातीला रावेतवरनं घिऊन तळेगावला निघालो हुतो मी, बहिणीकडं. पोरगी तयार हून बसली आसंल. एक वाजंपर्यंत त्यानं यावं, कबूल करावं. न्हाई तर म्या सरळ..."

ते बोलता बोलता थांबले. नजर समोरच्या भिंतीवर लागून राहिली. दोन-तीन क्षण गेले. शालनबाईंनी त्यांच्या कोपराला हात लावला.

"काय म्हनत हुतो मी?"

"एक वाजता," निरंजन म्हणाला.

"व्हय. एक वाजता सरळ चौकीत."

"पोलीस कशाला?" शालनबाई हळूच म्हणाल्या. "हवा तर भरायची हाय. जाऊ द्या की."

कुणी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही.

२

मधुसूदनांनी भोसरीत आणि मग चाकणला मिळून एकतीस वर्षं इन्स्पेक्शन खात्यात काढली होती. तिथे एक सवय लागली होती. खराब पीस हातात आला की मशीनवाल्यावर ओरडायचं नाही, आधी पीस बघायचा. पण आज पीस बघायच्या आधीच ते जिना चढून धनेशच्या खोलीवर गेले, कारण त्यांचं मन त्यांना खात होतं.

धनेश सव्वीस-सत्तावीसचा, लातूरकडचा. चाकणला कंत्राटी कामगार, बहुतेक सेकंड शिफ्ट. नाशिक फाट्यापर्यंत मोटारसायकल, तिथून कंपनीची बस. रात्री घरी पोचायला साडेबारा व्हायचे. वासंतीनं तीन वर्षांपूर्वी त्याला सांगून टाकलं होतं, "रस्त्यावर कशाला लावतोस? आमच्या पोर्चमधे लाव. फाटकाची एक किल्ली तुझ्याकडे ठेव." रात्री मोटारसायकल आत आली, फाटक ओढल्याचा आवाज झाला, की ती कूस बदलून म्हणायची, "आला पोरगा." आणि झोपून जायची.

ती गेल्यावर तो आवाज मधुसूदनांना सहन होईना. फाटक वाजायचं, शेजारची उशी मोकळी असायची, आणि मग सकाळपर्यंत डोळा लागायचा नाही. पंधरा दिवसांनी त्यांनी धनेशकडून किल्ली परत मागितली. का, ते सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही. तेव्हापासून त्याची मोटारसायकल गल्लीभर जागा शोधत फिरत होती.

"काका, मी कशाला सोडू हो हवा?" धनेश गादीच्या कडेला बसला होता. हातात प्लास्टिकची फाइल. "सोमवारी कागद द्यायचेत कंपनीत. परमनंटच्या यादीत नाव आलंय माझं. चारित्र्याचा दाखला लागतो पोलिसांचा. आज माझ्या नावानं तक्रार गेली तर मला कोण दाखला देणारे?"

"गुरुवारी तसं का बोललास?"

"राग आला. माझी गाडी गटारात टाकली त्यांनी." तो थांबला. "बोलायला नको होतं. लई चुकलं."

"रात्री आल्यावर त्यांच्या गाडीजवळ गेला होतास?"

"नाही." हे तो फाइलकडे बघत म्हणाला. "गाडी लावली, वर आलो, झोपलो."

मधुसूदनांना पीस तपासायची सवय होती. हा पीस बरोबर नव्हता. पोरगा खोटं बोलत होता.

३

साडेअकराच्या सुमारास पंक्चरवाला ज्योतीराम हवेचा पंप घेऊन आला. बबनराव आत फोनवर नातीची समजूत काढत होते. मधुसूदन चाकाशी उकिडवे बसले.

"टायर कापलेत?"

"छ्या. टायर एकदम ठीक. नुसती हवा सोडलीय." ज्योतीराम हसला. "तिसरी वेळ आहे काका ही."

"तिसरी?"

"होळीच्या आदल्या दिवशी एकदा. मग अक्षय्य तृतीयेला. बबनकाका मला म्हणाले, बोलू नको कुणाला, चौतीस वर्षं टेस्ट ड्रायव्हर होतो, लोक हसतील."

ज्योतीरामनं बोलत बोलत पुढच्या चाकाच्या वॉल्व्हचं टोपण फिरवून काढलं. टोपणातून काहीतरी बारीक रस्त्यावर पडलं. मधुसूदनांनी ते उचललं. मटकीचा दाणा होता.

"थांब. बाकीची तीन मी काढतो."

त्यांनी एकेक टोपण सावकाश फिरवलं आणि तळहातावर उलटं केलं. तिन्हींत एकेक मटकी. प्रत्येक दाण्यावर मधोमध खोल टोचा पडला होता. वॉल्व्हच्या पिनचा.

"आयला," ज्योतीराम म्हणाला. "दाणा घालून टोपण बसवलं की पिन दाबून राहते. हवा हळूहळू निघते, आवाज नाही काही नाही."

"पूर्ण बसायला किती वेळ?"

"तीन तास, चार तास. टोपण किती आवळलंय त्यावर."

"मागच्या दोन वेळी टोपणात बघितलं होतंस?"

"टोपणात कोण बघतं काका? काढलं, फेकलं, नवीन लावलं."

मधुसूदनांनी दाणे खिशात टाकले. आतापर्यंत सगळे धरून चालले होते की कुणीतरी रात्री येऊन हवा सोडली. आता ते खरं धरता येत नव्हतं. आणि होळीला धनेश लातूरला होता. पुरणपोळ्यांचा डबा त्यानं परत आल्यावर मधुसूदनांना आणून दिला होता, तो डबा अजून त्यांच्या ओट्यावर होता.

उठताना त्यांचं लक्ष बंपरच्या डाव्या कोपऱ्यावर गेलं. तिथे मोठा ओरखडा होता. बबनराव सांगायचे, धनेशच्या मोटारसायकलनं झाला. मधुसूदनांनी बोट फिरवलं. ओरखडा खाली, घोट्याच्या उंचीवर होता. त्यात पिवळा रंग भरला होता आणि त्याच्या शेजारी काळा. धनेशची मोटारसायकल लाल होती. असे पिवळे-काळे पट्टे एकाच ठिकाणी असतात, रस्त्याच्या दुभाजकाला.

"ज्योतीराम, होळीला बबनराव कुठे निघाले होते?"

"तळेगावलाच वाटतं. आणि तृतीयेला लोणावळ्याला. दोन्ही राहिलं बघा."

तेवढ्यात निरंजननं गॅलरीतून हाक मारली. त्याचा आवाज चढला होता. "काका, वर या. सापडला."

४

निरंजनच्या लॅपटॉपवर गल्ली काळी-पांढरी दिसत होती. कोपऱ्यात वेळ होती, बारा पस्तीस. मोटारसायकल आली. धनेश उतरला, चार पावलं चालला, बबनरावांच्या गाडीपाशी थांबला आणि मागच्या चाकाजवळ वाकला. मग उठला, इकडेतिकडे बघितलं आणि झटकन जिन्याकडे गेला.

"बघा. मी म्हटलं नव्हतं?"

"तू काहीच म्हटलं नव्हतंस," मधुसूदन म्हणाले. "पुन्हा लाव."

"काका, मला वाईट वाटतंय त्याचं. पण आहे ते आहे."

"तसा संशय तर तुझ्यावरही येईल," मधुसूदन म्हणाले. "तू गल्लीच्या ग्रुपवर लिहिलं होतंस ना, बबनकाकांनी गाडी विकून टाकावी म्हणून?"

निरंजन उडालाच. "हो, लिहिलं! पण मी हवा कशाला सोडेन? मला ती गाडी तिथून हलायला हवीय. हवा गेली की ती हलणार कशी? आज अर्धा दिवस माझीच गाडी अडकलीय!"

निरंजन रागाच्या भरात बरोबर बोलून गेला होता. ज्याला जागा हवी आहे तो गाडी जागेवर खिळवून ठेवणार नाही. जागेवरून भांडणारा माणूस हे करणारच नाही. हे करणाऱ्याला गाडी हलायला नको होती. आजच्या दिवशी नको होती, आणि होळीला आणि तृतीयेलाही नको होती. लांब जायच्या दिवशीच.

"पुन्हा लाव," ते म्हणाले. "धनेश येतो तिथपासून. थांब! इथे. हे कव्हर बघ."

"काय कव्हर?"

"खालची कड. रोज संध्याकाळी मी माझ्या पायरीवर बसून ही गाडी बघतो. कव्हर रस्त्याच्या चार बोटं वर राहतं. इथे बघ, रस्त्यावर लोळतंय. आणि धनेश अजून मोटारसायकलवरून उतरलाही नाही."

निरंजननं मान पुढे काढली. "म्हणजे गाडी आधीच बसली होती?"

"तो येण्याच्या आधी. कव्हर खाली आलेलं दिसलं म्हणून तो वाकला. मग सकाळी घाबरला आणि खोटं बोलला. गुरुवारी जे बोलला होता, त्यानंतर कोण विश्वास ठेवणार होतं त्याच्यावर?"

"मग केलं कुणी? एक मिनिट, रेकॉर्डिंग मागे नेतो. संध्याकाळी सहापासून लावतो."

त्याचं बोट बटणावर होतं. मधुसूदनांनी त्याचा हात धरला.

"नको."

"का?"

"कारण मला कळलंय. आणि ते असं पडद्यावर बघायचं नाहीये मला. तूही बघू नकोस, निरंजन. मी मागून सांगीन तुला. धनेशनं काही केलेलं नाही एवढं तू पाहिलंस, तेवढंच एक वाजता खाली येऊन सांग."

निरंजन त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्यानं लॅपटॉप मिटला.

भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

५

शालनबाई मागच्या दारी पायरीवर मेथी निवडत होत्या. मधुसूदनांनी खिशातून चार दाणे काढून त्यांच्या परातीच्या काठाशी ठेवले.

"वहिनी, हे तुमचे."

शालनबाईंनी दाण्यांकडे बघितलं. मेथीची जुडी हातातून सुटली नाही, पण बोटं थांबली.

"ह्ये मला कशाला?"

"दाणा घातला की हवा जायला तीन-चार तास लागतात. साडेबाराला गाडी बसलेली होती. म्हणजे दाणे संध्याकाळीच घातले. पण सातपासून गाडीवर कव्हर होतं, आणि सकाळी बबनरावांनी नाडी सोडली तेव्हा गाठ रोजची, तुमचीच असणार. दुसऱ्या कुणी कव्हर काढून पुन्हा घातलं असतं तर गाठ वेगळी असती, त्यांच्या हाताला लगेच कळलं असतं." मधुसूदन पायरीवर बसले. "कव्हर रोज तुम्ही घालता. चारही चाकांपाशी वाकून नाडी ओवता. तुम्ही चाकापाशी वाकलात तर गल्लीत कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. मीसुद्धा पायरीवर बसून बघत होतो. मला काहीच दिसलं नाही."

घरातून रेडिओचा आवाज येत होता. शालनबाईंनी एकदा मागे बघितलं.

"माघ म्हैन्यात झालं," त्या म्हणाल्या. "रावेतला, हायवेला लागायच्या आधी. हात स्टेरिंगवर, डोळं उघडं, आन मानूस त्यात न्हाई. मी वरडले, हलीवलं. गाडी दुभाजकावर चडली तवा भानावर आले. मला म्हनले, झोप लागली हुती. झोप न्हवती, भावजी. घरातबी हुतंय. बोलता बोलता थांबत्यात. मागनं त्यांना ठावंच नसतं."

"मी पाहिलं सकाळी."

"आमच्या पोराला सांगू दीनात. माझ्या गळ्याची शपथ घातली. चावी लपीवली तर घर डोक्यावर घेतलं, आन दुसरी करून आनली, ती कमरंला बांधत्यात. आज नातीला, अनुयाला, शेजारी बसवून न्हेनार हुते. सात वर्सांची पोर हाय."

"आणि धनेश?"

"त्याचं नाव निघालं तवा मी म्हनलंच, जाऊ द्या. पन तोंड उघडलं तर ह्यांची गाडी जाती. चौतीस वर्सं गाडीशिवाय दुसरं काय केलंय त्यांनी? खाटंवर पडतील. मी दोन्हीकडनं मेले."

मधुसूदनांनी परातीतलं एक पान उचलून ते पुन्हा तिथेच ठेवलं.

"वासंतीच्या छातीत सहा दिवस दुखत होतं," ते म्हणाले. "मला त्रास नको म्हणून बोलली नाही. पित्त आहे म्हणायची. मला हे नंतर कळलं, तिच्या बहिणीकडून. वहिनी, मला त्रास झाला असता तर चाललं असतं."

घरातला रेडिओ बंद झाला. कपाटाचं दार वाजलं. बबनराव चौकीत जायला शर्ट बदलत होते.

६

एक वाजता बबनराव फाटकाबाहेर आले. इस्त्रीचा शर्ट, हातात घडी घातलेला कागद. समोर धनेश उभा होता, कामाचे कपडे, पाठीवर पिशवी. दोनला त्याला निघायचं होतं. निरंजनही आला होता, आणि मधुसूदनांशी ठरल्याप्रमाणे त्यानं कव्हरचं सगळं सांगितलं.

"काका, मी वाकून बघितलं फक्त," धनेश म्हणाला. "सकाळी भीतीनं बोललो नाही. चुकलं माझं."

बबनरावांनी मान हलवली. "मला न्हाई पटत. आसंल गाडी आधी बसलेली. मग बसवली कुनी? भुतानं? मधूभाऊ, तुमी तपास केलाय म्हनं. नाव सांगा. म्या ह्या कागदावर लिवतो."

मधुसूदनांनी तोंड उघडलं. नाव त्यांना माहीत होतं. पण सांगणं त्यांच्याकडे नव्हतं, आणि न सांगितलं तर समोरच्या पोराचं तीन वर्षांचं काम जाणार होतं. त्यांनी बबनरावांच्या खांद्यावरून दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं. आणखी एक मिनिट थांबू, त्यांनी ठरवलं. मग बोलायचं.

"तो कागद आधी द्या माझ्याकडे," ते म्हणाले.

"का म्हनून?"

"माजं नाव लिवा त्यावर."

शालनबाई पायरी उतरून आल्या. हाताला मेथीची माती होती. त्या नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि मूठ उघडली. चार दाणे.

"हवा मी सोडली. तिन्ही येळा मीच. त्या पोराला सोडा."

गल्लीत एका घराचा कुकर शिटी देत होता.

"तू?" बबनराव म्हणाले. "का गं?"

"रावेतला गाडी कशी चडली, सांगा समद्यांना. झोप लागली म्हनून सांगा. आन मग माज्या डोळ्यांत बगून सांगा, अनुयाला शेजारी बसवून न्हेनार का ते."

बबनरावांनी बायकोकडे बघितलं, मग गाडीकडे. त्यांचा हात शर्टाखाली कमरेपाशी गेला आणि तिथेच राहिला. मधुसूदनांना वाटलं, आता ओरडणार. पण ते ओरडले नाहीत. ते गाडीच्या बॉनेटला टेकले, जरा जास्तच जोरात, आणि घडी घातलेला कागद आणखी लहान करत राहिले.

"मला कळत हुतं," ते शेवटी म्हणाले. "मधेच काईतरी जातंय, ते कळत हुतं. पन ते बोललं तर खरं हुतंय."

"न बोलता पण खरंच होतं, बबनराव," मधुसूदन म्हणाले. "सोमवारी आपण डॉक्टरकडे जाऊ. मी येतो सोबत. मला दुसरं काही काम नाही."

बबनरावांनी कमरेची चावी सोडायला घेतली. गाठ सुटेना. शालनबाईंनी पुढे होऊन सोडली. त्यांनी चावी स्वतःजवळ ठेवली नाही, नवऱ्याच्याच तळहातावर ठेवली. बबनराव चावीकडे बघत राहिले. मग डोळे वर करून धनेशला म्हणाले,

"लायसन हाय का रं तुला? चारचाकीचं?"

"आहे काका. तीन वर्षं झाली."

"उद्या रईवार. सुट्टी आसंल. नातीला घिऊन तळेगावला जायचं. गाडी तू चालीवनार, मी शेजारी बसनार, पोरगी मागं आजीजवळ. क्लच दाबून ठिवलास तर कानाखाली वाजवीन."

धनेशच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा रंग आला. "काका, टेस्ट ड्रायव्हर शेजारी बसणार म्हटल्यावर दाबूनच ठेवणार की मी."

निरंजन हसला. बबनराव हसले नाहीत, पण त्यांनी कागदाचे दोन तुकडे करून खिशात टाकले.

पावणेदोनला धनेश मोटारसायकल काढायला गेला. ती गल्लीच्या टोकाला, कचऱ्याच्या डब्याजवळ लावलेली होती. परत येऊन तो मधुसूदनांच्या घरावरून जात होता तेव्हा त्यांनी हात केला. ते फाटकात उभे होते. पोर्चमधली वासंतीची धुण्याची दोरी त्यांनी काढून एका बाजूला बांधली होती. तिथली जागा मोकळी दिसत होती.

"ही घे," ते म्हणाले आणि किल्ली पुढे केली.

धनेशनं किल्ली घेतली नाही लगेच. "काका, तुम्हाला त्रास होतो ना आवाजाचा? काकू गेल्यापासून? मला कळलं होतं. म्हणून विचारलं नाही."

आठ महिने मधुसूदनांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि पोराला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"होतो त्रास," ते म्हणाले. "होऊ दे. रात्री गाडी आत लाव. आणि फाटक नीट ओढून घे. मला ऐकू आलं पाहिजे."